वकील, सरदारीण आणि ताडपत्री

आधी एक सांगून टाकते. गिधाड घाणेरडं नसतं. ज्याला पटत नसेल त्याने पुढचं वाचायचं की नाही ते आपलं आपण ठरवावं, मी कुणाला हात जोडायला बसलेली नाही. सोलापुरातल्या एका सार्वजनिक बागेत मी जनावरांच्या पिंजऱ्यांवर नोकरी केली. निम्मी उमर त्यात गेली. तेव्हा गिधाडाबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका शहरात दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाविषयी लिहा, गमतीजमती लिहा." गमती आहेतच. पण राग पण आहे, तो वेगळा काढून ठेवता येत नाही.

माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढ्यांमागं फिरणारं घर. नवरा बागेत पिंजऱ्यांवर होता. काविळीनं गेला. पदरात दोन मुली. सातवी पास होते म्हणून त्याच्या जागेवर मला घेतलं. मुकादम होते गेनबा. त्यांनी पहिल्या दिवशी सगळी बाग फिरवून दाखवली. ससे, हरणं, मोर, एक म्हातारं माकड. मग फाटकाजवळच्या दोन पिंजऱ्यांपाशी आले आणि म्हणाले, "ही दोन तुज्याकडं. ह्यास्नी कोन बघाय येत न्हाय, आन् ह्यांचं काम कुनाला नगो असतंय." एकात घोरपड, दुसऱ्यात गिधाड. नवीन माणसाला नको ते काम द्यायचं हा सगळ्या कचेऱ्यांचा नियम, त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

घोरपड जुनी होती, कुठून आली कुणालाच ठाऊक नव्हतं. मावळे घोरपडीच्या कमरेला दोर बांधून गड चढले ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली, म्हणून तिला सगळे सरदारीण म्हणायचे. गिधाड आलं बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा गुरं रस्त्याकडेला मरून पडत होती आणि गिधाडं पोटभर खाऊन इतकी जड व्हायची की त्यांना उडता येत नसे. मंद्रूपकडून येणाऱ्या एका ट्रकची धडक बसून ह्याचा पंख मोडला. त्या ड्रायव्हरने पोत्यात घालून आणलं आणि म्हणाला, "ठोकरलं तर मीच, पर मारून टाकू वाटंना बगा." पंख बसला, पण वाकडा बसला. अंग काळं, मानेभोवती पांढऱ्या पिसांची कॉलर, आणि चेहऱ्यावर सगळं जग खोटं बोलतंय असा भाव. त्याचं नाव आपोआपच वकील पडलं.

आता दोघांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

घोरपड शिकारी. तिला जिवंत लागतं. उंदीर, बेडूक, सरडे, पाखरांची पिल्लं, आणि अंडी तर जीव की प्राण. मेलेलं मिळालं तर तेही सोडत नाही, पण तिचा जीव रमतो तो हलणाऱ्या वस्तूत. जीभ लांब, टोकाला दुभंगलेली. ती सारखी आतबाहेर करते, कारण वास तिला जिभेने कळतो. जवळपासच्या बायका घरच्या उंदराच्या पिंजऱ्यात सापडलेले उंदीर तिच्यासाठी आणून द्यायच्या. मी तो पिंजरा तिच्या दारात उघडला की ती आधी हलायचीच नाही. दगड होऊन बसायची. उंदराला वाटायचं, सुटलो. मग एक झडप, दोन झटके, आणि शेपटी तेवढी तोंडाबाहेर. चावणं नाही, तोडणं नाही, अख्खा गिळायचा. कुणी डिवचलं तर फुगायची, फुसकारायची आणि शेपटीचा फटका असा मारायची की पिंडरीवर वळ उठावा. माझ्या पायावर तो वळ होता.

गिधाडाचं अगदी उलटं. ते कुणाला मारत नाही. नखं बोथट, त्यांनी काही पकडता येत नाही. चोच मजबूत, पण ती मेलेलं फाडण्यासाठी. डोकं आणि मान बोडकी का, तर मढ्याच्या आत मान घातली की पिसांना रक्त चिकटून कुजू नये म्हणून. म्हणजे स्वच्छतेसाठीच की! माझ्या वकिलाला दगडी हौदात रोज पाणी घालावं लागे. डुबक्या मारून अंघोळ करायचा आणि मग उन्हात पंख पसरून उभा राहायचा, एक पंख पुरा आणि एक अर्धा. एवढी अंघोळ त्या बागेत दुसरं कुणी करत नव्हतं, आमच्या मुकादमांसकट. चार दिवस खायला नाही मिळालं तरी ओरड नाही. आणि मिळालं की असं जेवायचा की आपल्याला लाज वाटावी.

त्याचं खाणं कत्तलखान्याकडून रसूलचाचा आणायचे, हाडं आणि टाकाऊ मांस. सायकल लावतानाच हाक द्यायचे, "वकील साब कू बोलो, आज कलेजी लाया मैं!" अख्ख्या सोलापुरात वकिलाला साब म्हणणारे ते एकटेच.

बाकीच्यांचं काय सांगू? लोक फाटकातून आत यायचे, पहिला पिंजरा वकिलाचा. बघितलं की थुंकायचे. बायका पोरांचे डोळे झाकायच्या. एक गृहस्थ रोज सकाळी फिरायला यायचे, पांढरं धोतर, कपाळाला गंध. ते त्या पिंजऱ्यापुढून जाताना छत्री आडवी धरायचे, ऊन नसलं तरी. मग पुढे सरदारिणीपाशी थांबून तिला नमस्कार करायचे. मी एकदा विचारलं, "काका, ही जिवंत पिल्लं खाते, तो मेलेलं खातो. नमस्कार हिला का?" ते म्हणाले, "बाई, ती शूर आहे." मी म्हटलं, "घरट्यातलं अंडं चोरायला काय शौर्य लागतं?" त्यानंतर ते माझ्याकडेही छत्री आडवी धरून जायला लागले.

सरदारिणीची गिऱ्हाइकं वेगळी. तालमीतले एक पैलवान गुडघ्यासाठी घोरपडीचं तेल मागत यायचे. मी म्हणायची, "तेल तिच्या अंगात हाय, आत जावा आन् काडून घ्या." ते पिंजऱ्याच्या दाराकडे बघायचे, सरदारीण फुगायची, आणि पैलवान गुडघा धरून निघून जायचे. खंडोबाचे एक वाघ्या महाराज दर दोन-चार महिन्यांनी यायचे. त्यांची दिमडी, म्हणजे ते हातात वाजवतात ते कातड्याचं लहान वाद्य, तिच्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. ते अगदी गोड आवाजात विचारायचे, "कशी हाय तब्येत हिची? न्हाय म्हंजी, मेल्यावर तरी द्याल न्हवं?" एक दिवस मी चिडले. म्हटलं, "बाबा, ती मरायची वाट तुमी बगताय, आन् गिधाड कुनाला म्हनायचं?" ते हसले. हसले म्हणून पुढे त्यांना चहा पाजत गेले.

हे सगळं असंच चाललं असतं. पण बागेच्या फाटकासमोर मंगल कार्यालय झालं.

कार्यालयाचे मालक अक्कलकोटकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. बोलायला मऊ, आल्यागेल्याला पाणी विचारणारे. पण लग्नाचा धंदा शकुनावर चालतो. वरात निघाली की पहिली दृष्टी कशावर पडते ते सगळे बघतात. आणि त्यांच्या दारातून वरात निघाली की समोर माझं फाटक आणि फाटकात वकील. एकदा एका नवरदेवाची आजी तिथेच मटकन खाली बसली. अण्णा मुकादमांकडे आले. दोघांनी चहा घेतला आणि मला बोलावलं.

अण्णा म्हणाले, "हिराक्का, तुमी रागाला येऊ नका की. लगीन असलं त्या दिवशी तेवढं पिंजऱ्यावर एक ताडपत्री टाका. ताडपत्री मी देतो. वरात गेली की काढा."

मी म्हटलं, "त्याला ऊन लागतं. ताडपत्रीखाली जीव गुदमरंल त्याचा."

मुकादम म्हणाले, "तासाभराचा तर परश्न हाय. नोकरी करायची हाय न्हवं?"

करायची होती. दोन मुली होत्या. टाकली ताडपत्री.

अण्णांच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली. गिधाड झाकलं तर घोरपड दाखवावी! घोरपड चिकटली की सुटत नाही, तसा संसार चिकटून राहावा म्हणून वरातीत नवरानवरीला आधी सरदारिणीपुढे न्यायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा आणि मग पुढे जायचं. अशी रीत कुणाच्या आजीने केली नव्हती, पणजीनेही नाही. अण्णांनी काढली, आणि दोन लग्नसराईंत अशी रुजली की लोक "आमच्यात पहिल्यापासून आहे" म्हणायला लागले. नारळ मुकादमांच्या घरी जायचे. कुंकवाने सरदारिणीचं नाक लाल व्हायचं आणि ती दिवसभर शिंकल्यासारखं फुसकारायची.

आमच्या आळीतल्या एका जोडप्याने घोरपडीपुढे पाच मिनिटं डोळे मिटून हात जोडले होते. वर्षाच्या आत ती मुलगी माहेरी परत आली. घोरपडीला कुणी बोल लावला नाही.

आता त्या दिवसाचं.

मे महिना. सोलापूरचा मे ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. लग्न विणकर घरातलं होतं, तेलुगू बोलणारी मंडळी, दोन्हीकडची हातमाग-यंत्रमागावर पोट असलेली. मुहूर्त सकाळचा आणि वरात जेवणानंतर लगेच निघायची होती. मी ताडपत्री टाकली. पण जेवणं लांबली, मग बँडवाले जेवायला बसले, मग फोटोवाला सापडेना. ताडपत्रीखाली भट्टी झाली होती. मी दोनदा बाजू उचलून बघितलं. वकील चोच उघडी टाकून धापा टाकत होता. मी मुकादमांना म्हटलं, "मरंल तो." ते म्हणाले, "आता निगतीलच."

तेवढ्यात अण्णा घाम पुसत आले. माझ्याकडे न बघता, पायाकडे बघत बोलले, "हिराक्का, एक सांगायचं हाय. नवरदेवाची आत्या जरा कडक हाय. मगाशी फाटकात तुमाला बघितली तिनं. तुमचं कपाळ..." आणि थांबले.

मी म्हटलं, "माझं कपाळ काय?"

"तसं न्हाय. वरात जाईस्तोवर तुमी बी जरा आडोशाला थांबा. तितंच, ताडपत्रीच्या मागं. सावली हाय की तितं."

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, ते मी गिळलं होतं. वाटेत कुणी दिसलं तर मी आपणहून बाजूला व्हायची, तेही अंगवळणी पडलं होतं. पण ही माझी नोकरीची जागा. ह्या फाटकाचं कुलूप मी उघडते. इथंसुद्धा? आणि मला सर्वांत जास्त राग आला तो ह्याचा की माझे पाय निघाले. डोकं नाही म्हणत होतं आणि पाय ताडपत्रीच्या मागे चालले होते.

मागे गेले तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं.

पन्नाशीची बाई. कोरी सुती साडी, घडीची मोड अजून दिसत होती. मोकळं कपाळ. बोटांना मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून पडलेले घट्टे, आमच्या शेजारणींच्या हातांना असतात तसेच. हातात स्टीलचा तांब्या होता आणि ती जाळीतून वकिलाच्या हौदात पाणी ओतत होती. वकील वाकून पीत होता. परक्या माणसाच्या हातून मी त्याला कधी पाणी पिताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, तुमी कोन? हितं का बसलाय?"

ती म्हणाली, "मी नवरीची आई."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं.

"नवरीची आई, अम्मा. मालक न्हाईत मला. कन्यादान दिरानं-जावेनं केलं. आता वरात जाते तर सामने येऊ नको बोलले. हितनं बँड तर ऐकू येतंय." आणि मग पिंजऱ्याकडे बोट दाखवून अगदी साधेपणाने म्हणाली, "ह्याला लई तहान लागली होती. पाखरू हाय का कोंबडा हाय हे?"

"गिधाड हाय," मी म्हटलं.

तिने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता ही उठेल, तोंडाला पदर लावेल. ती म्हणाली, "असू दे. आमी तिगंबी एकाच जागी."

पोरीला लहानाची मोठी कुणी केली? मागाच्या धुरळ्यात कांड्या भरून कुणी केली? दिराने? जावेने? आणि ती जाणार तेव्हा ही बाई गिधाडाच्या पिंजऱ्यामागे बसून बँड ऐकणार! माझ्या डोळ्यांपुढे माझ्या दोघी आल्या. त्यांचीही लग्नं व्हायची होती. त्या दिवशी मला कुठे बसवतील ते मला दिसलं. ह्याच जागेवर, ह्याच ताडपत्रीमागे.

बँड सुरू झाला. वरात फाटकातून आत आली, सरदारिणीच्या दर्शनाला. नवरी रडत होती, आणि रडताना एकच विचारत होती, "अम्मा कुटं हाय? अम्माला बोलवा की." कुणीतरी सांगत होतं, "येते येते, मागनं येते." आई माझ्या शेजारी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून.

गवत कापायचा विळा माझ्या कमरेला असायचा. मी उठले आणि ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या. एक, दुसरी, आणि मग ओढलीच.

ताडपत्री खाली आली. वकिलाला ऊन आणि वारा लागला, तशी त्याने अंग झाडलं आणि पंख उघडले, एक पुरा, एक अर्धा. वरातीच्या बरोबर समोर. सनईवाल्याची सनई मध्येच चिरकली आणि बँड बंद पडला. शेजारी मी उभी, हातात विळा. मागे नवरीची आई, उठायचं की नाही ते न कळून अर्धवट उभी राहिलेली.

आत्याबाई किंचाळल्या. त्यांच्या भाषेत काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. अण्णा डोक्याला हात लावून उभे. मुकादम ओरडले, "हिराबाई, डोस्कं फिरलं काय तुजं?"

मी म्हटलं, "व्हय, फिरलं! बगा सगळ्यांनी! हे गिधाड, ही मी, आन् ही नवरीची आई. तिघांनी कुनाचा जीव घेतला असंल तर सांगा!"

कुणी काही बोलायच्या आत नवरी सुटली. शालूचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मुंडावळ्या तुटल्या. दोघी अशा रडल्या की मला तिकडे बघवेना. म्हणून मी नवरदेवाकडे बघितलं. लहानखुरा, मागावर काम करणारा मुलगा, घामाने कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलेलं. तो सावकाश चालत आला. सासूकडे बघितलं, मग वकिलाकडे. मग मला विचारलं, "बाई, हे नुसतं मेलेलंच खातंय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग आमाला काय करतंय? आमी तर जित्ते हाव की." आणि वाकून सासूच्या पाया पडला.

त्या पोराला मी अजून विसरले नाही.

आत्याबाई मात्र हटल्या नाहीत. निदान आता तरी चांगलं तोंड बघा म्हणून त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन तरातरा सरदारिणीच्या पिंजऱ्याकडे निघाल्या. कुणीतरी सकाळी आणून दिलेला उंदीर मी तिच्याकडे सोडला होता आणि ताडपत्रीच्या गडबडीत पुढचं बघायचं राहून गेलं होतं. आत्याबाईंनी डोळे मिटून कुंकू टाकलं, डोळे उघडले, तर सरदारिणीच्या जबड्यातून उंदराची शेपटी लोंबत होती आणि अजून वळवळत होती. ताट खाली पडलं. वरातीतली पोरंसोरं हसली, मग बँडवाले हसले. अण्णांनीसुद्धा तोंड फिरवून घेतलं, पण खांदे हलत होते त्यांचे.

सरदारिणीची ह्यात काही चूक नाही, हेही लिहून ठेवते. तिने तिचं खाणं खाल्लं. मी तिला सांभाळलं, तिच्या अंगाला तेल लावलं, थंडीत तिच्यासाठी भट्टीतली गरम राख आणून टाकली. माझं भांडण तिच्याशी नाही. मारणाऱ्याला शूर आणि मेलेलं उचलून जागा साफ करणाऱ्याला अभद्र म्हणायचं ठरवलं कुणी, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. साहेब खुर्चीत, मुकादम उभे. अण्णा पण आले होते. साहेब म्हणाले, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. ताडपत्री पुन्हा बांधायची, आणि समारंभाच्या दिवशी तुम्ही फाटकात थांबायचं नाही."

रात्रभर मी मुलींकडे बघत पडले होते. नोकरी गेली तर काय, ते सगळं मनात फिरून झालं होतं. मी म्हटलं, "थांबत न्हाय साहेब. फक्त लेखी द्या."

"काय लेखी?"

"हेच की, गिधाड आन् विधवा बाई लोकांच्या नजरेला पडता कामा नये. खाली सही करा, शिक्का मारा. मी तो कागद फाटकावर लावते. म्हंजी येनाऱ्याजानाऱ्याला कळंल, हिराबाई का दिसत न्हाय ते."

साहेबांनी मुकादमांकडे बघितलं. मुकादमांनी अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "माझी काय लेखी तक्रार न्हाय की. मी आपलं तोंडी बोललो." साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला आणि जागच्या जागी ठेवला. "बरं, जा कामाला," एवढंच म्हणाले.

मी कामाला गेले. ताडपत्री पुन्हा बांधली नाही. अण्णा एकदा विचारायला आले होते, "निदान ताडपत्री तरी परत द्या की." मी म्हटलं, "ती सरदारिणीच्या छपरावर घातली, गळत होतं." ते म्हणाले, "असू दे मग." पुढे माझ्या थोरलीचं लग्न त्यांच्याच कार्यालयात झालं. कन्यादान मी केलं. भटजी कुरकुरले, तर अण्णाच त्यांना म्हणाले, "गुरुजी, हिच्याशी वाद घालू नका. ही लेखी मागते." वरात निघाली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होते, आणि समोर वकील पंख पसरून ऊन खात होता. मी त्याला हात केला.

तो म्हातारा होऊन मेला. रसूलचाचांनी आणि मी त्याला लिंबाखाली पुरलं. पुरताना चाचा म्हणाले, "इसकू तो बाहर छोडना था, इसके भाई लोगां खा लेते." खरं होतं ते. पण तोवर आभाळात त्याचे भाईलोग फारसे दिसेनासे झाले होते, आणि नंतर तर दिसायचे थांबलेच. मान दुखेस्तोवर वर बघा, घारी दिसतील, गिधाड नाही.

त्या विणकर नवरानवरीचा संसार कसा झाला असं लोक मला विचारतात. गिधाड बघून निघालेली वरात ती, आळीत सगळे टपून बसले होते, कधी मोडतोय म्हणून. नाही मोडला. भांडले, रडले, पोरं झाली, सुना आल्या. म्हातारी शेवटपर्यंत लेक-जावयापाशी होती. घरात सगळ्यांत पुढच्या खोलीत तिचा पलंग.

आता मंगल कार्यालयं इतकी झालीत की मोजवत नाहीत. एकाच्याही दारात गिधाड नाही. साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबाने अपशकुन मुळापासून निपटला. तर मग आता सोलापुरातले सगळे संसार सुखाचे झाले असतील. झालेत का? मी विचारतेय. आणि उत्तर मला लेखी पाहिजे.